कमी झाले ते गेले कुठे?
जुन्या कौटुंबिक व्हॅनची घरच्या घरी देखभाल : एक अभ्यासपाठ



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगणात एक जुनी मारुती ओम्नी उभी आहे. रविवारी उपासनेला, आठवडी बाजाराला, लग्नाला, मयताला, अडल्यानडल्याला दवाखान्यात न्यायला सगळीकडे तीच जाते. १९८४ साली ही गाडी ‘मारुती व्हॅन’ या नावाने आली, १९८८ पासून तिला ‘ओम्नी’ हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. जुनी म्हणून ती वाईट ठरत नाही. यंत्र साधे आहे, सुटे भाग मिळतात आणि तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही ती पाठ असते. पण जुन्या गाडीला मालकाचे लक्ष लागते. ते लक्ष कसे द्यावे, हे या पाठात पाहू.

पाठाचा उद्देश : (१) दर आठवड्याला घरीच काय तपासावे हे शिकणे. (२) गाडीतले पाणी किंवा तेल कमी झाले तर त्याचे कारण शोधणे. (३) आपण काय करावे आणि मिस्त्रीवर काय सोपवावे, यातली रेषा ओळखणे.

१. आमच्या घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वीच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. तळोद्याहून धडगावकडे निघालो होतो. गाडीत पत्नी, सासूबाई, दोन मुले आणि टपावर सामान होते. त्याआधी तीन महिने माझी एक सवय झाली होती. दर आठ दिवसांनी रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसे आणि मी बोअरवेलचे अर्धी बाटली पाणी ओतून झाकण लावून टाकी. गाडी चालत होती, म्हणून मी स्वतःवर खूशही होतो. ‘गाडीकडे लक्ष देतो’ असे चारचौघांत सांगतही असे.

चांदसैली घाट अर्धा चढलो आणि टेम्परेचरचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. मी गाडी कडेला घेतली, दोन-तीन मिनिटे थांबलो आणि घाईने रेडिएटरच्या झाकणावर फडके टाकून ते फिरवले. माझा नऊ वर्षांचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन मदतीला येऊन उभा राहिला होता. तो जवळ आला आहे हे मी पाहिलेच नाही. झाकण सुटले आणि उकळते पाणी कारंज्यासारखे वर आले. माझा हात कोपरापर्यंत भाजला. त्याच्या मानेवर आणि कानामागे शिंतोडे उडाले. पिण्याच्या पाण्याचा कॅन सोबत होता, तो पत्नीने त्याच्या मानेवर हळूहळू रिकामा केला. मागून आलेल्या एका जीपवाल्याने आम्हाला दवाखान्यात पोहोचवले. त्या भल्या माणसाने पैसेही घेतले नाहीत.

दोन दिवसांनी गाडी टोचन करून गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रींनी इंजिन उघडले. हेड गॅस्केट गेली होती आणि हेड वाकले होते. ते म्हणाले, “भाऊ, पाणी किती दिवसांपासून कमी होत होतं?”

“तीन महिने झाले असतील. पण मी दर आठवड्याला भरत होतो.”

“भरत होते ते ठीक. पण कमी झालं ते जातंय कुठं, हे एकदा तरी पाहिलं का?”

मी पाहिले नव्हते. मूळ दोष रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपाच्या सैल झालेल्या क्लिपमध्ये होता. तिथून थेंब थेंब पाणी गळत होते. क्लिप थोड्या पैशांत मिळते आणि ती बदलायला एक पेचकस पुरतो. माझ्या मुलाच्या मानेवर आजही रुपयाएवढा डाग आहे. तो विसरला, पण मी विसरलेलो नाही. म्हणून हा पाठ लिहीत आहे.

२. आधी आपली गाडी ओळखू या

ओम्नीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे असते आणि ते पुढच्या सीटखाली बसवलेले असते. इंजिनची ताकद लांब दांड्यावाटे मागच्या चाकांना मिळते. इंजिन आपल्या बसण्याच्या जागेखालीच असल्यामुळे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, इंजिनची उष्णता, धूर आणि पेट्रोलचा वास सरळ गाडीत येऊ शकतो. म्हणून इंजिनवरचे झाकण आणि त्याभोवतीची रबरी पट्टी नीट बसलेली हवी. रबर फाटले असेल तर ते बदलावे.

दुसरी गोष्ट, सीट उचलून आत पाहताना इंजिन बंद आणि चावी खिशात असावी. पदर, ओढणी, मफलर, घड्याळ, अंगठी हे सारे आधी दूर करावे. फिरणारा पट्टा कापड क्षणात ओढून घेतो. लहान मुलांना शिकवायचे असेल तर जरूर शिकवावे, पण इंजिन थंड आणि बंद असताना.

३. दर शनिवारी दहा मिनिटे

रविवारी गाडी भरून बाहेर काढायची असते. म्हणून शनिवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना, दहा मिनिटे काढावीत. सपाट जागा हवी. हातात जुने फडके, टॉर्च आणि एक वही असली की झाले.

शुक्रवारी रात्री गाडीच्या पोटाखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावरचे डाग पाहावेत. हिरवा, निळा किंवा लालसर, गोडसर वासाचा डाग हा कुलंटचा. काळा-तपकिरी आणि बुळबुळीत डाग इंजिन ऑईलचा. दाट आणि उग्र, गंधकासारखा वास येणारा डाग गिअरच्या तेलाचा. चाकाच्या आतल्या बाजूला स्वच्छ किंवा पिवळसर ओल दिसली तर ती ब्रेक ऑईलची असू शकते. अशा वेळी गाडी हलवू नये, मिस्त्रीलाच घरी बोलवावे. डाग कुठे पडला आहे त्यावर पुठ्ठ्यावरच खूण करून ठेवली तर मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो.

४. कुलंट

थंड गाडीत टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. पण टाकी पाहून थांबू नये. टाकी आणि रेडिएटर जोडणारी बारीक नळी तडकलेली असेल किंवा झाकणाचे रबर गेले असेल, तर टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो. म्हणून महिन्यातून एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण उघडून आत पाहावे. पाणी काठापर्यंत हवे.

गरम गाडीचे झाकण का उघडू नये? बंद रेडिएटरमध्ये दाब असतो. त्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटताच दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात उकळून बाहेर फेकले जाते. फडके टाकल्याने काही वाचत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. वरचा रबरी पाइप हाताला साधा गार लागेपर्यंत थांबावे. अर्धा तास लागो किंवा तास लागो.

पातळी कमी झाली असेल तर या क्रमाने शोध घ्यावा :

• रबरी पाइप दाबून पाहावेत. मऊ, फुगलेला किंवा तडे गेलेला पाइप बदलावा. टोकाशी पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर तिथून गळती आहे.
• प्रत्येक क्लिप पेचकसाने घट्ट करावी. गंजलेली क्लिप काढून नवी लावावी.
• रेडिएटरच्या जाळीवर ओले किंवा रंगीत ओघळ आहेत का ते पाहावे.
• पाण्याच्या पंपाखाली ओल असेल तर पंप जायला आला आहे. हे काम मिस्त्रीचे.
• बाहेर कुठेच गळती नाही आणि तरी पाणी कमी होते, तर ते इंजिनच्या आत जात असावे. गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, किंवा ऑईल दुधाळ दिसते. (ऑईलच्या झाकणाला थंडीच्या दिवसांत जराशी पांढरी साय धरते, तेवढ्याने घाबरू नये.) डिपस्टिकवरचे तेलच दुधाळ असेल तर गाडी सुरूच करू नये.

बोअरवेलचे पाणी कायमचे भरू नये. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि लोखंड गंजते. कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे. तयार मिश्रण आणले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. रस्त्यात अडल्यावर साधे पाणी चालते, पण पोहोचल्यावर ते काढून टाकावे. आणखी एक. कुलंट चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. उरलेला डबा मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागेल असा ठेवू नये. सांडलेले लगेच धुऊन टाकावे.

घाटात काटा वर गेला तर : एसी बंद करावा, सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे, सर्वांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर बसवावे, चाकाला दगड लावावा. गरम इंजिनवर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. आणि थांबावे. उशीर झाला तर होऊ द्यावा.

कोणी भाजलेच तर भाजलेला भाग २० मिनिटे साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून दवाखान्यात न्यावे.

५. ब्रेक ऑईल

याला आपण ऑईल म्हणतो, पण हे इंजिन ऑईलसारखे तेल नाही. त्यात चुकूनही दुसरे तेल पडले तर ब्रेकमधली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. डब्यावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. आपल्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत जे लिहिले आहे तेच आणावे. ते रंगावर सांडले तर रंग निघतो.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ३ ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकाजवळ प्रचंड उष्णता होते. ओलावा धरलेले ब्रेक ऑईल तिथे उकळते, नळीत वाफ होते आणि पाय दाबला की पेडल तळाशी जाते. म्हणून पातळी ठीक दिसत असली तरी साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलून घ्यावे. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेकचा जळका वास आला तर थांबून चाके निवू द्यावीत.

आता आपला प्रश्न इथेही विचारावा : कमी झाले ते गेले कुठे? ब्रेकचे लायनर झिजतात तशी पातळी अगदी सावकाश, महिन्यामहिन्यांनी थोडी उतरते. अशा वेळी लायनर तपासून घ्यावेत. पातळी आठ-पंधरा दिवसांत उतरली तर गळती आहे, आणि ब्रेकची गळती म्हणजे गाडी जागेवर उभी. वर ऑईल भरून ‘तेवढे गावाला जाऊन येतो’ असे म्हणू नये.

चालत्या गाडीत पेडल तळाशी गेलेच तर ते भराभर दाबत-सोडत राहावे, खालचे गिअर टाकत जावे, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि हॉर्न-दिवे चालू ठेवावेत.

६. इंजिन ऑईल

सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे. डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेच्या वर भरणेही वाईट.

कमी झाले तर गळती आहे की जळत आहे, हे पाहावे. पुठ्ठ्यावर डाग नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर तेल इंजिनमध्ये जळत आहे. जुन्या इंजिनात थोडे तेल जळतेच, पण किती हे माहीत हवे. वहीत लिहिले तरच ते कळते. ऑईल बदलताना फिल्टरही बदलावा. काढलेले जुने तेल शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

७. टायर आणि बॅटरी

हवा थंड टायरमध्ये तपासावी. गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दिलेले आकडे पाहावेत. स्टेपनीचीही हवा पाहावी, ती नेहमी विसरली जाते. टायरच्या खाचांत अधूनमधून छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांबरोबर आली की फक्त १.६ मिलिमीटर खाच उरलेली असते आणि टायर बदलायची वेळ झालेली असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या टायरचे रबर तडकते. कमी चालणाऱ्या आपल्या गाड्यांत हे फार आढळते.

टायरची हवा दर आठवड्याला एकाच चाकात कमी होत असेल तर? आता उत्तर तुम्हीच द्याल.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी ऋण म्हणजे वजा खुणेची वायर काढावी, मग अधिकची. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने आणि जुन्या दातघासणीने टोके घासावीत, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून आधी अधिकची आणि शेवटी वजाची वायर जोडावी. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर भरावे. जवळ बिडी-काडी नको.

८. कोणते काम कोणाचे?

आपले काम : वरील सर्व तपासण्या, पातळी भरणे, एअर फिल्टर झटकणे किंवा बदलणे, थंड इंजिनचे प्लग काढून साफ करणे, वायपर, बल्ब, फ्यूज, क्लिप आणि पाइप बदलणे, स्टेपनी लावणे.

मिस्त्रीचे काम : ब्रेक, स्टिअरिंग, हेड गॅस्केट, पाण्याचा पंप, पेट्रोलची नळी, सायलेन्सर. गॅसकिट असेल तर फक्त अधिकृत केंद्र.

दोन वेळी गाडी अजिबात चालवू नये. एक, गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तेव्हा. दुसरी, सीटखालून फट्फट् आवाज येऊन प्रवाशांचे डोके दुखत असेल तेव्हा. सायलेन्सरच्या गळतीतून येणाऱ्या विषारी वायूला स्वतःचा वास नसतो आणि मागे झोपलेले मूल काही सांगत नाही.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही, एका मिनिटासाठीही शिरू नये. टायर बदलताना उरलेल्या चाकांना दगड किंवा लाकूड लावावे.

मिस्त्रीकडे गाडी दिली तरी आपली जबाबदारी संपत नाही. जुना भाग परत मागावा, काय बिघडले होते ते विचारावे. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो.

९. वही

शंभर पानी वही पुरे. चार रकाने आखावेत : तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय व किती भरले. मी ती तीन महिने ठेवली असती, तर ‘अर्धी बाटली पाणी’ ही ओळ बारा वेळा लिहावी लागली असती. तिसऱ्या-चौथ्या वेळीच माझा हात थांबला असता. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही त्याच वहीत लिहावी. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर ते करावेच लागते. पीयूसी आणि विम्याच्या तारखाही तिथेच असाव्यात.

गाडी आपल्या नावावर असते, पण तिच्यात बसणारे जीव आपल्यावर सोपवलेले असतात. आपण त्यांचे कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याला कमी झालेल्याचा हिशेब द्यावा लागतो. माझा मुलगा आता मोठा झाला आहे. दर शनिवारी पुठ्ठा तोच काढतो आणि वहीत तोच लिहितो. मागच्या महिन्यात त्याने मला हाक मारली, “पप्पा, कुलंट बोटभर कमी आहे. भरू नका, आधी पाइप पाहू.” आम्ही दोघांनी टॉर्च घेतला आणि पाइप पाहिला. क्लिप सैल होती. दोन मिनिटांत घट्ट झाली.

चर्चेसाठी व कृतीसाठी

१. आपल्या गाडीत गेल्या तीन महिन्यांत कोणती गोष्ट आपण एकापेक्षा जास्त वेळा भरली? तिचे कारण शोधले का?
२. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास काय होते, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, समजावून सांगा.
३. ब्रेक ऑईल शेवटचे केव्हा बदलले? आठवत नसेल तर या महिन्यातच बदलून घ्या.
४. या शुक्रवारी रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. शनिवारी सकाळी जे दिसेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.
५. मंडळीत ज्यांच्याकडे जुनी व्हॅन आहे, त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र जमून एकमेकांच्या गाड्या तपासाव्यात. आपल्याला न दिसलेली गळती शेजाऱ्याला दिसते.

आपला प्रवास सुखरूप होवो.